मिठाच्या दोन गोण्या

आमचा मित्र वसंत गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, सेनगावातल्या आपल्या दुकानाचं शटर उघडताना कोसळला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधी गेला. वय बेचाळीस. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला फोन आला तो कुरुंद्याहून, सुरेशचा. त्याच्या शेतात हळद शिजवणी चालू होती. मागे इंजिनाचा आवाज होता, त्यामुळे तीच ओळ त्याला दोनदा सांगावी लागली.  मग म्हणाला, "बराबर ऐकलं ना तुमी? वसंत्या गेला... अन् किसन काही आला न्हाई."

किसन म्हणजे वसंतचा धाकटा भाऊ. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांत तांब्याची तार नव्याने भरून देणं हा वसंतचा धंदा. तो डावखुरा होता. त्याच्या हातचा तारेचा पीळ इतरांच्या उलट दिशेने जायचा आणि तो पाहून गिऱ्हाईक सांगायचं, मोटार वसंतने भरली आहे. किसन हे काम त्याच्याच हाताखाली शिकला, पण तो उजवा. उलटा पीळ त्याला कधी जमला नाही. त्याने भरलेली एक मोटार आठवड्याच्या आत जळाली, तेव्हा वसंत त्याला भर गिऱ्हाइकांत नको ते बोलला. त्याच दुपारी किसन मोटारसायकल घेऊन गेला आणि परतला नाही. या गोष्टीला अनेक वर्षं झाली. त्यांच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडीची नजर अलीकडे मंद झाली होती. आपण एकदा किसनला तिच्यासमोर उभं करायचं, तिला दिसतंय तोवर... एवढं एकच वसंत कधीमधी बोलायचा.

यंदा हळद काढणीच्या आधी चार दिवस मोकळे मिळतात, किनाऱ्याने गाड्या घेऊन जाऊ, ही कल्पना सुरेशची. तिघे, तीन मोटारसायकली. चाराचे पुढे जास्त दिवस झाले, ते वेगळं. वसंतने समुद्र पाहिलेला नव्हता आणि तो येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. त्याचं कारण नंतर कळलं. तांड्यातले पूर्वज बैलांच्या पाठीवर लादून समुद्रावरून मीठ आणायचे, हे याडीने तिच्या आजीकडून ऐकलेलं. तिने त्याला सांगितलं होतं, येताना तिथलं मीठ आण. सामानाच्या तळाशी त्याने एक रिकामी गोणी घडी करून ठेवली होती. आम्हाला सांगितलं नव्हतं.

ताम्हिणी घाट उतरून आम्ही बागमांडल्याला आलो. तिथे गाड्या फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडावी लागते. वसंतने हेल्मेट काढलं, तसा तिकीट देणारा माणूस हसला. "काय हो, परत? कालच तर पलीकडे गेलात."

सुरेशला मोठी गंमत वाटली. "ह्या माणसानं आज पहिल्यांदा समुद्र पाहिला, अन् तुमी ओळख काढून राहिले! वसंत्या, जुनं गिऱ्हाईक हाये म्हणावं, तिकीट माफ करा."

"अहो, ही भुवई कोण विसरेल?" तो माणूस म्हणाला.

वसंतच्या डाव्या भुवईत जन्मापासून पांढऱ्या केसांचा पुंजका होता. किसनच्याही होता. त्यांच्या वडिलांच्याही. वसंतने विचारलं, "सोबत सामान काय होतं?"

"मला कशाला विचारता? रिकामी गोणी बांधली होतीत मागे."

बोट पलीकडे लागेपर्यंत वसंत कठड्याला धरून उभा होता. उतरल्यावर त्याने आधी सामान सोडलं, गोणी वर काढून आम्हाला दाखवली आणि याडीचं मागणं सांगितलं. मग म्हणाला, "किसन हाये तो. त्याला बी याडीनं लहानपणी सांगितलेलं हाये मिठाचं. चला."

तेव्हापासून सहल संपली आणि पाठलाग सुरू झाला. केळशीजवळच्या एका घरगुती खाणावळीत बाईंनी आमच्या दोघांपुढे मासळीचं ताट ठेवलं आणि वसंतपुढे, काही न विचारता, वरणभात, कांदा आणि हिरवी मिरची. वसंत मासे खात नसे. "कालच सांगितलंत ना," त्या म्हणाल्या. वसंतने पाकिटातून किसनचा जुना फोटो काढला. त्यांनी तो उजेडाकडे नेऊन नीट पाहिला. "हा नव्हे. हा कोण, भाऊ का तुमचा? चेहरा तसाच आहे. पण काल तुम्हीच होतात."

"फोटो जुना हाये, मावशी."

"असेल. मी तुमच्याबद्दल सांगत्ये."

बाहेर आल्यावर सुरेश थट्टेने म्हणाला, "वसंत्या, तू झोपेत गाडी चालवून राहिला का रे?" वसंत हसला नाही. मला म्हणाला, "मलाच समोर बघून बोलली ती. गोंधळ होतो माणसाचा. व्हय ना?" मी हो म्हणालो. हे स्पष्टीकरण मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

पुढचा माणूस एक दिवस पुढे होता. तो गाठायचा तर कुठेतरी एक मुक्काम गाळायला हवा, असा साधा हिशोब आम्ही केला. दाभोळला थांबायचं ठरलेलं होतं. न थांबता खाडी ओलांडली, गुहागर मागे टाकलं आणि दोन दिवसांचं अंतर एका दिवसात कापून जयगडला उतरलो. जेटीवर नारळ विकणाऱ्या म्हाताऱ्याला वसंतने भुवई दाखवून विचारलं, असा माणूस आज इथून गेला का? "आज नाय," म्हातारा म्हणाला, "काल." दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी लवकर निघालो, वाटेत जेवलो नाही. देवगडच्या अलीकडे पेट्रोल भरणाऱ्या मुलीने तेच सांगितलं. काल. त्यानंतर सुरेशने विचारणं सोडलं. त्याने थट्टाही सोडली.

शिरोड्याची मिठागरं हे शेवटचं ठिकाण. दुपारची वेळ होती, वाफ्यांत पाणी हलत नव्हतं आणि कडेला मिठाचे ढीग होते. राखणदाराने वसंतकडे पाहून हात वर केला. "अजून एक गोणी? काल एक नेलीत ना?"

"कुठं गेला तो?" वसंतने विचारलं.

राखणदार आमच्याकडे पाहू लागला. वसंतने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घरी जातो म्हणालात. याडी वाट बघते, असं म्हणालात. मी विचारलंसुद्धा, याडी म्हणजे काय?"

किनाऱ्यावर हा शब्द कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वसंत तिथेच खाली बसला. मग उठला, घाईने गोणी भरून घेतली, खिशातल्या तांब्याच्या तारेने तिचं तोंड बांधलं आणि म्हणाला, "घरला गेला रे पोरगं." त्याला इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता. परतीच्या सगळ्या वाटेवर तो पुढे होता.

आम्ही तांड्यावर पोहोचलो तेव्हा याडी दारात बसली होती. वसंत गाडीवरूनच ओरडला, "याडी, किसन कुठं हाये?"

"कोणता किसन?" ती म्हणाली. "काल तू आलास, मीठ ठेवलंस अन् पाणी न पिता गेलास. तीच गोणी परत कुठून आणलीस?"

"तो किसन होता, याडी. तुला दिसलं न्हाई."

"डोळ्यानं न्हाई दिसलं. तोंडावरून हात फिरवून पाहिला. माझं लेकरू मला कळत न्हाई व्हय? तू होतास."

तुरीची काढणी चालू असल्यामुळे आदल्या दिवशी तांड्यात फारसं कोणी नव्हतं. आलेला माणूस आणखी कोणी पाहिला नाही. घरात, चुलीच्या बाजूला कोपऱ्यात, गोणी होती. वसंत तिच्याजवळ उकिडवा बसला. तिचं तोंड त्याने बोटांनी चाचपलं.  उठला तेव्हा त्याचा आवाज खाली गेलेला होता. "किसनच आला होता," तो म्हणाला. "ही गोणी सोडू नको, याडी. माझी बी सोडू नको. त्याला येऊ दे परत, मग सोडू."

त्यानंतर तो रोज दुकान उघडत होता. काम करताना तोंड रस्त्याकडे करून बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, भाऊ येऊन राहिला. मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा त्याने दुकानात दुसरी खुर्ची पुसून ठेवलेली होती. मला मात्र स्टुलावर बसवलं. हळद काढणी संपून शिजवणी सुरू झाली, आणि त्या सोमवारी तो गेला.

गेल्या आठवड्यात सुरेश आणि मी तांड्यावर गेलो. याडीने आम्हाला चहा दिला. किसनबद्दल काही कळलं का, असं तिने विचारलं. काही कळलेलं नव्हतं. वसंतबद्दल ती बोलली नाही. निघताना तिने आम्हाला आत नेऊन गोण्या दाखवल्या. शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. दमट हवेने खालचा भाग ओला झाला आहे. कोणती वसंतने आमच्यासोबत आणलेली, हे तिला सांगता आलं नाही. सुरेशने मोबाइलचा उजेड धरला आणि मी वाकून पाहिलं.

दोन्ही गोण्यांची तोंडं तांब्याच्या तारेने बांधलेली आहेत. दोन्ही तारांचा पीळ उलटा आहे.