मीठमोहऱ्यांची पुडी

सलाईनचा एक थेंब पडला की मी पुढच्याची वाट बघतो. नऊ वर्षांची ईरा पलंगावर चित्र रंगवतेय. तिला अजून काहीच झालेलं नाही. थोरलीला इन्शुलिन सुरू झालं म्हणून हिचं रक्त तपासलं, तर हिच्याही शरीराची राखण करणारी फौज इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उठलेली. सलाईनमधलं हे औषध त्या फौजेला शांत करतं.

"मधुमेह पुढे ढकलला जाईल," डॉक्टर म्हणाले. किती, ते सांगता येत नाही म्हणे. आणि फौजच निजवली, तर उद्या साध्या तापाशी कोण लढणार?

नर्स बाहेर गेली तशी बायकोने पर्समधून मीठमोहऱ्यांची पुडी काढून ईरावरून ओवाळली. "आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

मी आतल्या आत चिडलो. इथे बाहेरचं आहे कोण?

ती थबकली. लेकीच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "आणि हिची स्वतःची."

घरी विस्तवावर मोहऱ्या तडतडल्या की दृष्ट उतरल्याचं कळतं. इथे विस्तव नाही. पुडी मुठीत धरून तीही थेंब बघत बसली.