नडगीवरचा दाणा

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साली मी शेलूबाजारात औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर बसून रोज सकाळच्या बसची वाट बघायचो. तिथे एक म्हातारा असायचा. त्याचे पाय पाण्यानं टम्म सुजलेले. तो नडगीत अंगठा रुतवायचा, पडलेल्या खड्ड्यात ज्वारीचा दाणा ठेवायचा आणि खड्डा भरून दाणा घरंगळेपर्यंत टक लावून बघायचा. मला ते बघवायचं नाही, पण नजरही हटायची नाही.

एकदा दुकानदारानं त्याला लघवीची नवी गोळी दिली. "अख्खी गिळा, बाबा. ते दिवसभर थोडी थोडी विरघळते, पानी सावकाश उतरते."

आठवड्यानं तो दिसला तेव्हा मी दचकलो. पायांच्या काटक्या, डोळे खोल, ओठ कोरडे. त्यानं अंगठा दाबला, खड्डा पडला नाही. दाणा ठेवला, तो लगेच खाली.

"सून रोज गोळी सहानेवर उगाळून मधात चाटवते," तो म्हणाला. "आमच्यात औषध तसंच देतेत. दिवसभराचं पानी घंट्याभरात जाते. त्या पान्यासंगं मीबी चाल्लो, भाऊ."

आणि तो आवाज न करता हसला. त्यानंतर बाकावरची त्याची जागा रिकामीच राहिली. फटीत दाणे तेवढे होते.

आता माझेही पाय सुजतात, आणि मिळालेली गोळीही तशीच, अख्खी गिळायची. काल माझी सून मायेनं म्हणाली, "बाबा, गोळी मोठी हाये. तुमच्यानं गिळनं होत नाई. उगाळून आनतो."

मी नाही म्हणेपर्यंत आतून सहाणेचा आवाज यायला लागला होता.