खुराचं कोणी सांगायचं?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी चहा गाळत होते. त्यांचा मुलगा दत्तू एवढंच म्हणाला, "ताई, आबा गेले. सकाळी उठलेच नाय." गाळणं हातात तसंच धरून मी दाराकडे पाहिलं. दारामागच्या कोपऱ्यात मामांची काठी उभी होती. पंधरा दिवसांपूर्वी ते छाती दाखवायला आले होते, जाताना काठी विसरले, असं मी धरून चालले होते. पण जन्मभर गुरं राखलेला माणूस काठी कसली विसरतोय...

आमचं आजोळ वणीच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. गावाच्या अगदी डोक्यावर एक मोठं गवताळ पठार आहे. पाऊस सुरू झाला की पठाराच्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडायच्या आणि दसऱ्यापर्यंत वर एक शेळीही जात नसे. गवत पिकून त्याचं बी झडलं की मगच वाट मोकळी. काट्या लावायचा आणि काढायचा मान मामांच्या घराकडे. काढण्याआधी ते वर जाऊन लोखंडी टोकाची ही काठी जमिनीत खुपसून बघायचे. लहानपणी मीही शेपटासारखी मागे असायची. काठी वीतभर सहज आत जायची. "जी माती काठी घेत नाय, ती पानीबी घेत नाय," असं ते म्हणायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाने मला मातीचा नाद लावला. पुढे मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले, तर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवायचे, "आमची सुमन माती वाचती."

वाचली की मी! नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पठारावरची माती नेऊन तपासली, सेंद्रिय कर्ब कमी निघाला. झालं. ग्रामसभेत उभी राहून सांगितलं, पावसाळ्यातही जनावरं वर सोडा, शेणमूत पडेल, माती सुधारेल. किती जनावरं, किती दिवस, मध्ये जमिनीला विसावा किती, यातलं काही बोलले नाही. जमीन ओली असताना काय करायचं, ते तर नाहीच. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी अख्ख्या गावाला करून दाखवलं. चाऱ्याची ओढ होतीच, लोकांनी हवं तेवढं ऐकलं. मामा मागे भिंतीला टेकून बसले होते. चार लोकांत भाचीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या काट्या त्यांनी स्वतःच ओढून बाजूला केल्या.

मग आधी गावाची गुरं वर गेली, मागोमाग शेजारच्या पाड्यांची. भर श्रावणात चिखलात खूर रुतायचे आणि ऊन पडलं की तेच खळगे विटेसारखे कडक व्हायचे. गवत बी धरायच्या आतच संपायचं. पाणी मुरेना, लाल होऊन ओढ्याने खाली धावू लागलं. खालचा झरा होळीलाच आटायला लागला. काठी चार बोटं जाऊ लागली, मग दोन. मामांनी मला एकदाच बोलून दाखवलं, तेही आवाज न चढवता. "पोरी, तू शेनाचं सांगितलंस. खुराचं कोनी सांगायचं?" वाट पुन्हा बंद करा म्हणून ते घरोघर फिरले. लोक हसून म्हणत, "आबा, मॅडमला जास्त कळतं का तुमाला?"

शेवटच्या भेटीत, बशीतला चहा फुंकता फुंकता ते म्हणाले, "वर कड्याकडं जमीन फाटलीय. तू येऊन बघ. पाऊस लागायच्या आत ये."

मी म्हटलं, "येते की मामा, ऊन जरा उतरू द्या."

ऊन उतरायच्या आत ते गेले. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तूला घेऊन मी वर गेले. हातात मामांची काठी. दहा ठिकाणी खुपसून पाहिली, दहाही ठिकाणी टोक दगडावर आपटल्यासारखं वाजलं. मग कड्याजवळची ती भेग दिसली. गावाच्या अंगाला आडवी, दूरवर गेलेली, तळहाताएवढी रुंद. मी काठी तिच्यात सोडली. ती आत गेली... जातच राहिली. मूठ माझ्या हातात उरली, तरी तळ लागला नाही. बरोबर खाली दत्तूच्या घराची कौलं दिसत होती आणि अंगणात त्याची बायको कांदे निवडत बसली होती. पावसाचं पाणी या भेगेत शिरलं की कडा त्याच कौलांवर उतरणार.

तसेच आम्ही सरपंचांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, जनावरं वर सोडा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हो. चुकले मी."

"मग ते सभेत सांगा. माझं एकट्याचं कोण ऐकतंय?" सभा पुढच्या आठवड्यात ठेवली आहे.

काठी पुन्हा दारामागे उभी आहे. मुठीपर्यंत तिला लाल माती लागली आहे, ती मी पुसलेली नाही. तीच हातात घेऊन सभेत उभी राहणार आहे. ती घेऊन मी वर यावं म्हणूनच मामांनी ती इथे ठेवली, ते मला उशिरा कळलं. काल दत्तूचा फोन आला होता. डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलंय, म्हणाला. मी विचारलं, "आणि जनावरं?"

"वरच हायेत, ताई."