सुनीलनं हलकं केलेलं फ्लायव्हील

दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या मागं कुणालाही विचारा, लोखंड कापायच्या लेथवर हात कुणाचा? सुनीलचं नाव आलं नाही तर समजा तो माणूस नाशिकचाच नाय. दहावीला गणितात गचकला गडी, पण लोखंडानं त्याला कधी नापास केलं नाही. कळवणकडून आला तेव्हा पायात थोरल्या भावाच्या, धनराजच्या चपला होत्या. आज त्याच्या हातचे पार्ट पुण्याला जातात, राजकोटला जातात, कुठं कुठं जातात ते मोजायला बसू नका.

आणि तेच त्याचं दुखणं होतं. पार्ट जायचे. परत यायचे नाहीत. पेटीत भरले, टेम्पोत चढवले की संपलं. आपण कापलेलं लोखंड गाडीत बसून बोलतं कसं, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"एकदा ऐकायचंय, दादा," तो म्हणायचा.

"पार्ट बोलला म्हणजे बिघडला, येड्या," धनराज म्हणायचा. "गप बसतो तोच चांगला."

तरी सुनील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवायचा, "चालू कराल तेव्हा बोलवा हां." गिऱ्हाईक म्हणायचं, "म्हणजे काय! तुम्हाला नाय तर कुणाला?" मग फोन यायचा तो थेट पुढच्या कामाचा.

अशात गंगापूर रोडच्या मोहिनीबाई आल्या. साठी उलटलेली बाई, केस पांढरेफेक, मागं मेकॅनिकनं उचलून आणलेलं फ्लायव्हील. म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसतं ते जड बिडाचं, ओतीव लोखंडाचं चाक. इंजिनाचा फिरायचा जोर ते धरून ठेवतं. गाडी त्यांच्या मालकांची, लाल, उघडी, दोनच सीटची जुनी विलायती. मालक गेले, गाडी राहिली.

"ह्यांना हे हलकं करून घ्यायचं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, मग ही पायाला कशी उठते बघ. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहून गेलं."

धनराज लगेच पुढं झाला. "मॅडम, असं करून देईल की गाडीच तुम्हाला विचारेल, जायचं का म्हणून."

"दादा, तू थांब जरा." सुनीलनं चाकावरून हात फिरवला. "करतो मॅडम. साडेसहा किलोवर आणू. फक्त एक सांगतो..."

"चालू करताना बोलवायचं ना? तुमच्या भावानं बाहेरच सांगितलं. मीच घ्यायला येईन."

मग काय, सुनील चार माणसांचा जीव ओतून कामाला लागला. माल काढायचा तो कडेचा, कारण वजन कडेलाच जास्त जोर धरतं. बिडाचा काळा भुसा नाकातोंडात गेला. मधूनमधून चाक उतरवून शेजारी गोरक्षच्या टोमॅटोच्या गाळ्यावर न्यायचं आणि नव्या काट्यावर ठेवायचं. यार्डात कुठलीही वस्तू तोलायची ती भाजीच्या प्लॅस्टिक कॅरेटमध्ये घालून. रिकाम्या कॅरेटचं वजन काटा आपोआप कापतो. सुनीलनंही चाक कॅरेटमध्ये घातलं. शेतकऱ्याच्या पोराचा हात तो, दुसरीकडं जाणार कुठं? साडेसहा दिसेपर्यंत तो कापत राहिला. शेवटी उचललं तेव्हा हाताला फारच हलकं लागलं. पण हलकंच तर हवं होतं. चाकाचा तोल तपासून घेतला आणि पाठवून दिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. रोडवर कुठलीही गाडी गुरगुरली की सुनील लेथ थांबवून दाराशी. धनराज हसायचा. "अरे, कांद्याचा ट्रॅक्टर हाय तो!"

आणि एका सकाळी खरंच ती लाल गाडी दारात आली. मोहिनीबाई स्वतः चालवत, डोक्याला रुमाल बांधलेला.

"बसा सुनीलभाऊ."

सुनील हात पुसत बसला. बाईंनी पाय दिला आणि इंजिन असं उसळलं की गोरक्षच्या गाळ्यावरचे हमालसुद्धा वळून बघायला लागले. पाय दिला की वर, काढला की खाली, मधे क्षणाचा उशीर नाही. जसं पोरगं नाव घेतल्याबरोबर ओ देतं. सुनीलच्या पाठीतून ते चढत होतं. हे माझं, त्याला वाटलं, हे मी कापलेलं.

तारवाला सिग्नलला गाडी थांबली आणि बंद पडली.

"सकाळपासून हेच चाललंय," बाई म्हणाल्या. "मलाच जमत नसेल. सवय गेली."

म्हसरूळच्या पुढं चढावर पुन्हा तेच. क्लच सोडला की इंजिन गचके खाऊन गप. मागून रिक्षावाला ओरडला, "आजी, ढकलू का?"

सुनील हसला नाही. चाक पाठवल्यावर एकदा गोरक्ष एका शेतकऱ्याशी कडाकडा भांडत होता. नव्या काट्यात कॅरेटचं वजन भरायचंच राहिलं होतं, काटा कॅरेट कापतच नव्हता. तेव्हा ते ऐकून सुनील पोट धरून हसला होता. आता त्याला कळलं. त्या साडेसहात रिकामं कॅरेट होतं. तेवढं बीड त्यानं फुकट काढलं होतं, आणि कापलेलं बीड परत जोडता येत नाही.

"मॅडम, चूक तुमची नाय. माझी हाय." त्यानं कॅरेटचं सगळं सांगितलं. "जरुरीपेक्षा जास्त कापलं मी. इंजिनाला धरून ठेवायला काही उरलंच नाही. चढावर धोका हाय. पोलादाचं नवं चाक करून देतो, बरोबर वजनाचं."

"मग हा आवाज?"

"असा नाय राहणार. चांगला राहील. पण असा नाय."

बाई समोर बघत राहिल्या. खाली द्राक्षाचे मळे, मागं शहर.

"ह्यांनी ऐकला असता तर म्हणाले असते, राहू दे असंच."

"मलाबी तेच म्हणायचंय, मॅडम," सुनील म्हणाला. "म्हणूनच लगेच काढायला लागणार, नायतर राहूनच जाईल."

बाईंनी गाडी पुन्हा चालू करून कडेला घेतली. किल्ली फिरवायला हात गेला, तसा तो घाईनं म्हणाला, "बंद नका करू. जरा वेळ."

"सोडली तर आपोआप बंद पडेल की."

"पाय ठेवा ना थोडा."

बाईंनी पाय ठेवला. इंजिन चालू राहिलं. सुनील कान देऊन ऐकत राहिला, आणि बाईंनी पाय काढला नाही.