उद्धवचं लग्न आणि बँकेची सुट्टी

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. वैशाखात दुसरबीडच्या उद्धवचं लग्न ठरलं आणि मुहूर्त निघाला गुरुवारी, भर दुपारचा. रविवारी मुहूर्त नव्हता. पुढचा होता तो थेट तुळशीच्या लग्नानंतर.

अडचण अशी की उद्धव गावातल्या सहकारी बँकेत होता. कारकून, खजिनदार, साहेब, सगळं तोच. त्यानं रजा मागितली, तर मुख्य कचेरीनं कळवलं की बदली माणूस नाही. आणि बँक बंद ठेवायची तर राज्य सरकारनं जाहीर केलेली सुट्टी पाहिजे, नाहीतर पूर, आग, दंगा असं काही संकट. उद्धव एरवी भिडस्त, पण कायद्याला फार पक्का. शेजारची गंजी पेटली तेव्हाही त्यानं बँक उघडी ठेवली होती. आग अजून आपल्या भिंतीला लागलेली नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याची आई झुंबरबाई एक दिवस बँकेत येऊन जाळीसमोर उभी राहिली.

"रामनवमीले बँक बंद होती ना?"

"हाव, माय."

"काऊन?"

"रामाचा जन्म झाला म्हणून. सरकारनं सुट्टी देल्ली."

"मंग माह्या पोराचं लग्न आहे म्हणून सांग सरकारले."

"सरकार माह्यासाठी सुट्टी देत नाही, माय."

"तू इचारलं काय?"

उद्धवनं विचारलं नव्हतं.

शेवटी नवरीच्या बापानं, कारभारींनी, तोड काढली. "जावई बँक सोडत नाही, तर आमीच बँकेपाशी येतो." मुलीचं लग्न बँकेच्या अंगणात लागणार, यात त्यांना मोठेपणाच वाटला. बँकेच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव पडला.

गुरुवारी उद्धव बाशिंग बांधून जाळीमागे बसला. मुहूर्ताला बाहेर येऊन पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि पुंजाजी नावाचा शेतकरी हातात चिठ्ठी घेऊन नवरदेवाच्या कानाशी आला.

"उद्धवराव, बैल पाह्यले चाल्लो. पैसे काढून देता काय?"

उद्धवचा एक पाय पाटावरून खाली उतरला. झुंबरबाईनं दंड धरून त्याला परत वर घेतलं. "अक्षता पडू दे, मंग देजो."

अक्षता पडल्या. नवरदेव बाशिंग सावरत आत गेला आणि पुंजाजीचं काम करून तिथंच बसला, कारण आणखी दोघं आले होते. नवरी जनका मांडवात एकटीच बसून राहिली.

पंगती सुरू झाल्या. ऊन असं की वाट पाहणारी माणसं बँकेच्या सावलीला दाटली. दारात रेटारेटी झाली. त्याच वेळी बँकेचे तपासनीस सुधाकरराव अचानक तपासणीसाठी मोटारीतून उतरले. कुठलीशी मोठी बँक बुडाल्याची बातमी तेव्हा ताजी होती. रस्त्यावरून मांडव दिसत नव्हता, दिसत होती ती दारातली गर्दी. लोक ठेवी काढायला लोटले, असंच त्यांनी धरलं. कडेला घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"संपलं, साहेब. होतं तवर देल्लं. मांगच्या लोकाइले आता काई नाही."

"सगळं संपलं?"

"सगळं. एवढे येतीन असं वाटलंच नव्हतं."

तो आचारी होता आणि बुंदीबद्दल बोलत होता.

सुधाकररावांनी पिशवीतून कागद काढला, 'आणीबाणीमुळे व्यवहार बंद' असं लिहून सही केली, गर्दीत घुसून तो दाराला डकवला आणि आत गेले. समोर बाशिंग बांधलेला कारकून.

"हे काय?"

"लग्न आहे, साहेब. पण बँक उघडी आहे."

"मी आत्ताच ती बंद केली."

उलगडा झाल्यावर उद्धव हवालदिल झाला. "कागद काढा, साहेब. अजून वेळ आहे."

"आता मुख्य कचेरीच्या हुकमाशिवाय निघत नाही."

"पण आणीबाणी आहे कुठं?"

झुंबरबाई दारात उभी होती. "मांडवात लोक उपाशी हायेत. अजून कोणती पाह्यजे?" तिनं पोराचा हात धरला आणि त्याला नेऊन जनकाशेजारी बसवलं. सुधाकररावांनाही पंगतीत बसवलं. त्यांच्या वाट्याला वरण-पोळी आली.

अहवालात त्यांनी 'अनपेक्षित गर्दी' एवढंच लिहिलं. उद्धवनं त्याखाली सही केली, पण 'अनपेक्षित' या शब्दाला त्यानं लेखी हरकत घेतली. लग्नपत्रिका त्यानं मुख्य कचेरीला वेळेत पाठवली होती.