तिच्यासारखीच दिसणारी बाई

तेल्हाऱ्याच्या बाजारात भगवंत आणि त्याची बायको बेबीताई शेजारी-शेजारी भाजी विकायचे आणि दिवसभर भांडायचे. तो हाताचा सढळ, कुणालाही सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी वर टाकून द्यायचा. गिऱ्हाईक वळायच्या आत बेबीताई त्याला झापायची. पण दुपारी तिच्याशिवाय त्याला घास जात नसे.

गेल्या साली अकोल्याहून येताना भगवंतची गाडी घसरली. डोक्याला मार बसला, ऑपरेशन झालं, माणूस वाचला. मुलाला, विपुलला, त्यानं नावानं हाक मारली, मळ्यातल्या मोटरपंपाची चौकशी केली. सगळे म्हणाले, देव पावला.

घरी आल्यावर बेबीताईनं ताट वाढलं, तर तो अंग चोरून बसला.

"बाई, तुमी कोन्या गावच्या?"

"तुमच्या सासरच्या!" थट्टा समजून ती म्हणाली. तो हसला नाही. विपुलला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "तुही माय कुठी गेली रे? हे बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते, लुगडंही तिचंच नेसली. कोनं आनलं इले?"

बेबीताईला काही उमगेना. अख्खं गाव ओळखतो, गोठ्यातली म्हैस ओळखतो, मग मलेच कावून नाही? शेजारीण म्हणाली, करणी असंल. जाऊ म्हणाली, मनातला जुना राग निघून राहिला. ते मात्र तिला लागलं. आपण जन्मभर तोंड सोडलं, त्याचंच हे फळ?

एकदा बाजारातून तिनं सहज फोन लावला. तिकडून भगवंतचा आवाज एकदम फुलला. "बेबे! कुठी हायेस वो तू? लवकर ये. इथं एक बाई राह्यते, चांगली हाय बिचारी, पन मले अवघड वाटते."

ती दुकान तसंच टाकून घरी धावली. दारात तिला पाहून तो अदबीनं उठला. "या बाई. आताच बायकोचा फोन आलता. येऊन राहिली ते."

विपुल दोघांना अमरावतीला घेऊन गेला. मेंदूला मार बसल्यावर माणसाचं वागणं का बदलतं, हे तपासणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम तिथं होत्या. त्यांनी भगवंतला फोटो दाखवले, आवाज ऐकवले, बऱ्याच गप्पा मारल्या. मग बेबीताईला म्हणाल्या, "चेहरा ओळखणं हे मेंदूचं एक काम आणि तो पाहून आपलं माणूस वाटणं हे दुसरं. यांना तुमचा चेहरा कळतो, पण आपलेपणा जागा होत नाही. मग त्यांचा मेंदू अर्थ लावतो, की ही दुसरीच कुणी असेल. आवाजाची वाट वेगळी आहे, ती शाबूत दिसते. वाद घालू नका. आधी आवाज द्या, मग समोर या."

"म्हनजे माया मेंदूत राह्यते का, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "ती वाटायला मेंदू लागतो, एवढं सांगू शकते."

परतीच्या एसटीत बेबीताई त्याच वाक्याशी झगडत राहिली. इतक्या वर्षांचा संसार, आणि तो डोक्यातल्या एका वाटेवर उभा होता?

त्या दिवसापासून ती अंगणातूनच बोलत यायची, भाकरी थापतानाही बोलत राहायची. कधी तो खुशीत उत्तरं द्यायचा, कधी मान वर करताच त्याचा चेहरा उतरायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुमी लय केलं माह्यासाठी. पन माही बायको आली का तुमाले जा लागन. लय तापट हाय ते." बेबीताईला त्या बायकोचा हेवाही वाटला आणि कीवही आली. मग ती बायको आपणच, हे आठवून ती आणखीच गोंधळली.

औषधं चालू होती, महिने गेले. दिवाळीच्या सुमारास त्याचं "तुमी" गेलं, "तू" परत आलं. मॅडम म्हणाल्या, सुधारणा चांगली आहे. भगवंत पुन्हा बाजारात येऊन बसू लागला. पण मधूनच तो तिच्याकडे टक लावून बघायचा.

"काय पाह्यता?" तिनं एकदा विचारलं.

"बेबीच हायेस तू," तो विचार करून म्हणाला. मग जरा थांबून, "हायेस ना?"

"हाव," ती म्हणाली, आणि समोरच्या गिऱ्हाइकानं वांगी किती सांगितली होती, तेच विसरून गेली.