अमुकरावांचा उखाणा

आमच्या गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असो की गृहप्रवेश, आदल्या दिवशी बायका माझ्याकडे येतात. उखाणा हवा असतो. भोकरदनमध्ये मला कुणी कवयित्री म्हणत नाही, पण निम्म्या गल्लीने माझ्या ओळींवर आपापल्या नवऱ्यांची नावं घेतली आहेत.

उखाण्याचं शास्त्र सोपं. पहिल्या ओळीत निसर्ग, दुसऱ्या ओळीत नवरा. बाई स्वतः फक्त 'नाव घेते' एवढ्यापुरती.

माझा पहिला उखाणा माझ्याच लग्नातला. माहेर वाटूरकडचं, घरची मोसंबीची बाग, म्हणून सुचलं:

मोसंबीच्या आळ्यात पाणी सोडते थेट,
अमुकरावांची नि माझी आज पहिली भेट.

सासूबाई मांडवातच म्हणाल्या, "पहिली कशी? पाहायला आल्तो तवा पोहे खाल्ले की यानं." समीक्षक घरातच मिळाला.

पुढे संसार मुरला तसे उखाणेही मुरले. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी म्हटलं:

तुरीला आल्या शेंगा, कपाशीला बोंड,
अमुकरावांच्या पेपरामागं दिसत न्हाई तोंड.

बायका हसून लोळल्या. आतल्या खोलीतून पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला, बस्स.

अमुकराव मुळातच कमी बोलणारे. मला हाक म्हणजे "अगं", नाहीतर "ऐकू येऊन राह्यलं का". मुलगा झाल्यावर मी त्याची आई झाले. मी जन्मभर यांना यमकात बसवलं, यांनी एकदा तरी माझं नाव घ्यावं, असं मला फार वाटायचं. एकदा बोलूनही दाखवलं. "तू हितंच असती. मंग नाव कशाला?" म्हणाले. मला मनापासून राग आला. त्या दिवशी भाजीत मीठ जरा सढळच पडलं.

मागच्या वर्षी मुलाचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता. पंगतीत सुनेने नाव घेतलं, मुलाने मोबाइलमध्ये बघून घेतलं, आणि सून म्हणाली, "बाबा, आता तुम्ही."

झालं, आता हे हात धुवायला उठणार, असं मला वाटलं. पण यांनी घास ताटात ठेवला आणि घसा साफ केला:

चहात टाकलं आलं, आलं झालं फार,
अमुक घरात नसली की खायला उठतं दार.

खायला घर उठतं, दार नाही. यमकासाठी बिचाऱ्या दाराला राबवलं होतं. एरवी मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. पण सगळी पंगत एकमेकांकडे बघायला लागली होती. नणंद घाबरून म्हणाली, "दादा, ही कोन?"

यांनी घेतलेलं नाव त्या घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं. ते माझं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात ते बदललं गेलं, आणि आई-वडील गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी स्वतःही सासरच्याच नावाने सही करते. या माणसाने मात्र ते इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"सांग की, कोन?" नणंद ऐकेना. यांनी खाली मान घालून वरणभात कालवायला घेतला.

अख्ख्या गल्लीला ओळी पुरवणाऱ्या मला एक शब्द सुचेना. डोळे भरून आले होते. शेवटी शाळेत हजेरीला करायचे तसा मी हात वर केला.